साडेदहा महिन्यांनंतर ह्युमिडिफायर: तुषार उत्तम, 'टीं टीं' असह्य

परवा रात्री पहिल्यांदा थंडी अंगाला झोंबली आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून दोन खोकी खाली आली. एकात छोटीचे गेल्या वर्षीचे स्वेटर, दुसऱ्यात ह्युमिडिफायर, म्हणजे पाण्याचे तुषार सोडून खोलीतली हवा ओलसर ठेवणारं मशीन. स्वेटरच्या बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. ह्युमिडिफायरने तेवढंही केलं नाही. दिवा लागला, आतला पंखा घुरघुरला, तुषारांचा पत्ता नाही. वैतागून बंद करायला बटण दाबलं, तर 'टीं' मात्र खणखणीत. या मशीनचं सगळं बिघडेल, ते टीं काही बिघडायचं नाही. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

टाकी किती लिटरची, कोणत्या रंगात मिळतो, हे सगळीकडे छापलेलं आहे, ते सांगत बसत नाही. अल्ट्रासॉनिक, थंड तुषारांचा, अडीच लिटरचा, तीन वेग. घेऊन साडेदहा महिने झाले. त्यातले साधारण चार महिने रोज रात्री चालवला, बाकी माळ्यावर.

घेतला का, ते आधी. गेल्या थंडीत छोटी दोन वर्षांची होती. रात्री हीटर लावायचो, कारण ती अंगावर पांघरूण म्हणून टिकू देत नाही. मोजेही तसेच. दोन घालायचे, सकाळी एकच सापडायचा. हीटरने खोली उबदार व्हायची आणि पहाटे तिचं नाक चोंदलेलं, ओठ फुटलेले, घसा कोरडा. हवेचं गणित साधं आहे. बाहेर 10 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा खोलीत येऊन 22 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 28 टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच राहतं, पण तापलेल्या हवेची तहान वाढते. मग ती ते पाणी जिथून मिळेल तिथून घेते, पोराच्या नाकातूनसुद्धा.

आई म्हणाली, "ओला टॉवेल टाक खुर्चीवर, मशीन कशाला?" बायको म्हणाली, "घेऊन टाक." मी दोन आठवडे किमतींची तुलना करत बसलो आणि शेवटी मधलं मॉडेल घेतलं. मॉडेलचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून पाच-सहा जण म्हणतील, आमचाही असाच आहे.

आता त्या टीं टीं बद्दल.

टाकीतलं पाणी संपलं की मशीन आपोआप बंद होतं. खाली एक छोटा फ्लोट असतो, पाणी उतरलं की तो बसतो आणि तुषार थांबतात. इथपर्यंत उत्तम. पण थांबल्यावर हे मशीन गप्प बसत नाही. आधी दहा वेळा टीं टीं करतं, मग दर दहा सेकंदांनी एकदा, कुणीतरी उठून बटण दाबेपर्यंत. आणि बटण दाबल्यावर निरोपाचं एक टीं वेगळं. मी रात्री साडेआठला टाकी भरून फुल वेगावर लावायचो. तासाला 300 मिली म्हणजे अडीच लिटर संपतात आठ तास वीस मिनिटांत. हिशेब तुम्हीच करा. पहाटे पाचला दहा कमी. रोज. पोर जी मुश्किलीने झोपलेली, ती उठून अंथरुणात बसायची आणि अंधारात लाल दिव्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ढग ओरडला."

ढग हे तिने दिलेलं नाव. तुषार वर येतात, वळतात आणि खाली येताना विरतात, त्यात ती तिच्या कापडी हत्तीची सोंड धरून उभी राहायची. सोंड ओली झाली की हत्तीने आंघोळ केली. ती स्वतः आंघोळीला थंडीत घरभर पळते, हत्तीला मात्र रोज दोनदा. हे दृश्य पाहून मी पहिल्या आठवड्यात पाच स्टार देणार होतो. दुसऱ्या आठवड्यात एक.

कस्टमर केअरला फोन केला.

"सर, ते सेफ्टी फीचर आहे."

"मशीन आपोआप बंद होतं ती सेफ्टी. नंतर ओरडतं ते काय आहे?"

"सर, कस्टमरला कळावं म्हणून."

"कस्टमर झोपलाय. त्याला कळून तो काय करणार? आवाज बंद कसा करायचा?"

"सर, बंद करण्याचं फीचर या मॉडेलमध्ये नाही. वरच्या मॉडेलमध्ये आहे."

म्हणजे आवाज फुकट आणि शांततेचे पैसे. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला याच्याहून चांगली उत्तरं सुचत राहिली.

मग माझे प्रयोग सुरू झाले. मशीनवर उशी ठेवली, तर तुषार उशीत. मशीन जाड घडीच्या टॉवेलवर ठेवलं, कारण आवाज बुडातून येतो असं वाटलं. आवाज खरंच थोडा दबला, पण तुषारही निम्मे झाले. पंखा हवा बुडातूनच घेतो आणि मी त्याचं नाक दाबून धरलं होतं. (ज्यांचे तुषार कमी पडतायत त्यांनी आधी मशीन कशावर ठेवलंय ते बघा. गादी, गालिचा, टॉवेल नको, कडक सपाट जागा हवी.) शेवटी मी पावणेपाचचा गजर लावायला लागलो. फोन उशीखाली, नुसता थरथरणारा. तो थरथरला की चोरपावलांनी जाऊन मशीन बोलायच्या आत प्लग काढायचा. बायको एकदा पांघरुणातून म्हणाली, "तू तिला झोपवतोयस की मशीनला?"

इथे मला माझं मत थोडं मागे घ्यावं लागतंय, आणि ते सोपं जात नाहीये.

महिनाभराने खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळायला लागलं. आधी मजा वाटली, छोटी त्यावर बोटाने रेघोट्या मारायची. मग एक दिवस कपाट पुढे ओढलं, तर मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके. बुरशी. पोराला बरं वाटावं म्हणून आणलेल्या मशीनने तिच्या उशापासून दोन हातांवर बुरशी पिकवली होती. त्याच दिवशी हायग्रोमीटर मागवला, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा. रात्री अकराला बघतो तर 71 टक्के.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरात 30 ते 50 टक्के आर्द्रता ठेवा म्हणते, 60 च्या वर तर जाऊच देऊ नका. मी पोराला रोज पावसाळ्यात झोपवत होतो.

मग कागद-पेन्सिल घेतली. आमची खोली साधारण 36 घनमीटर. 22 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 19 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. 28 टक्क्यांवरून 45 वर न्यायचं तर सगळ्या खोलीला मिळून लागतं 120 ग्रॅम पाणी. एक लहान कप! पुढे दाराखिडक्यांच्या फटींतून जेवढं निसटतं तेवढं भरत राहायचं, बस. मी तासाला 300 मिली ओतत होतो. सगळ्यात कमी वेगावर एक तास चालवून टाकी आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवली, तर 80 ग्रॅम कमी. म्हणजे भरलेली टाकी 31 तास पुरते. म्हणजे रात्रीत पाणी संपतच नाही. म्हणजे टीं टीं होतच नाही.

महिनाभर पावणेपाचला उठलो तो माझ्या हौसेने, हे बायकोला सांगावं लागलं. ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तरीही माझा मुद्दा कायम आहे. वेग बदलायला एकच बटण, क्रम कमी, मध्यम, फुल, बंद. चुकून एकदा जास्त दाबलं गेलं की पुन्हा कमीवर यायला पूर्ण फेरी मारायची, आणि प्रत्येक दाबाला टीं. झोपलेल्या पोराच्या खोलीत. हे ज्याने बनवलं त्याच्या घरी पोर नाही, किंवा असलं तरी त्याला दुसरं कुणी झोपवतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. यात पाणी उकळत नाही. तळाशी एक छोटी चकती सेकंदाला साधारण 17 लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक कण उडवते. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सगळं हवेत येतं. नळाचं पाणी क्षारांचं असेल तर दोन-तीन दिवसांत काळ्या टीव्हीवर पांढरी भुकटी बसते आणि ती आपण श्वासातही घेतो. पाणी उकळून गार केलं तर जंतू मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात. मी आरओचं पाणी वापरतो, भुकटी जवळजवळ गेली. पाणी रोज बदलायचं, रात्रीचं उरलेलं ओतून टाकायचं (मी त्याने फरशी पुसतो, वाया कशाला), आणि तीन दिवसांतून एकदा टाकी आणि तळ घासायचा. यात कंटाळा करणार असाल तर हे मशीन घेऊच नका, ओला टॉवेल बरा.

आणि टाकीत काहीही घालू नका. सुगंधी तेल नाही, जंतुनाशक तर मुळीच नाही. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं दुकानात सर्रास मिळायची. त्यांनी लहान मुलांची आणि गरोदर बायकांची फुफ्फुसं निकामी केली, कित्येक जीव गेले, आणि 2011 मध्ये कारण उघड झाल्यावर ती बाजारातून काढली. बाटलीवर सुरक्षित लिहिलेलं होतं. मी हे वाचलं त्या दिवशी लव्हेंडर तेलाची आणलेली बाटली न उघडता परत केली. पैसे पूर्ण मिळाले.

उपयोग झाला का? झाला. 40 ते 45 टक्क्यांवर ठेवायला लागल्यापासून ओठ फुटणं थांबलं, पहाटेचं नाक चोंदणं बरंच कमी झालं. सर्दी व्हायची तेव्हा झालीच, दोनदा. डॉक्टरांनी सलाइनचे थेंब दिले आणि सांगितलं, मशीन सर्दी बरी करत नाही, फक्त नाक कोरडं पडू देत नाही. तेवढ्याच अपेक्षेने घ्या. गरम वाफेचं मशीन मात्र पोराच्या खोलीत नको. उकळतं पाणी आणि हत्तीची सोंड एका ठिकाणी आणायची नाही.

आता परवाचा बिघाड. पुन्हा कस्टमर केअर. "सर, मॉड्यूल बदलावं लागेल. क्षारांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. कुरियरचा खर्च तुमच्याकडे, जातानाचा आणि येतानाचा." न बघता निदान! मॉड्यूल आणि दोन्ही कुरियर मिळून जवळपास अर्ध्या मशीनची किंमत. नको म्हटलं.

टाकी उचलून टॉर्च मारला. चकतीवर पांढरा कडक थर, नखाने निघेना. चूक माझी. गेल्या थंडीच्या शेवटी तळाशी थोडं पाणी तसंच ठेवून खोक्यात घातला होता. प्लग काढला, अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर चकती बुडेल एवढं ओतलं, वीस मिनिटं थांबलो. खोक्यात जो टीचभर ब्रश येतो आणि ज्याला आपण हसतो, त्याने हलक्या हाताने घासलं. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावायचा मोह टाळला, चकतीवर ओरखडा पडला की ती गेली. तीनदा धुतलं, लावलं. आधी एक उसासा, मग सरळ दाट ढग. छोटी हत्ती घेऊन धावत आली. वर्षभरात सोंडेची शिवण उसवलीय, पण आंघोळ झालीच पाहिजे.

आईचा टॉवेलही या वर्षी तपासला. वॉशिंग मशीनमधून पिळून आलेले कपडे टॉवेलऐवजी रात्री खोलीत दोरीवर वाळत घातले, बादलीसकट आधी आणि वाळल्यावर वजन केलं, फरक 1.6 किलो. म्हणजे 1.6 लिटर पाणी रात्रभरात हवेत, फुकटात, आणि आवाज शून्य. सकाळी हायग्रोमीटर 52. आईला आकडा दाखवला, तिने चष्माही लावला नाही. म्हणाली, "मग सांगत काय होते?" तेव्हा आता कपडे धुतले त्या रात्री दोरी, बाकीच्या रात्री मशीन.

स्टार साडेतीन देतो. अर्धा क्षारांचा कापला, एक पूर्ण टीं टीं चा. बायकोच्या मते एका आवाजासाठी पूर्ण स्टार फार होतो. पण तो आवाज आता घरात राहायला आलाय. छोटीचा पाण्याचा पेला रिकामा झाला की ती "पाणी दे" म्हणत नाही. पेला पालथा धरते आणि माझ्याकडे बघत "टीं, टीं, टीं" करते, कुणीतरी उठेपर्यंत. दर दहा सेकंदांनी.

वॉरंटी संपायला 41 दिवस आहेत. तोवर बुडाचं सील फोडणार नाही. बेचाळिसाव्या दिवशी चार स्क्रू काढून त्या भोंग्याच्या तोंडावर जाड टेपचे तीन थर लावणार आहे. जमलं तर इथेच लिहीन, कोणता टेप ते.