ओली टाकी घ्यावी की कोरडी?

कॉम्प्रेसरसाठी हवा साठवायची टाकी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती लिटरची?' त्याआधी ती ड्रायरच्या, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राच्या, अलीकडे बसणार की पलीकडे, हे ठरवा.

अलीकडची ती ओली टाकी, पलीकडची ती कोरडी. कॉम्प्रेसरमधून आलेली दमट हवा ओल्या टाकीत मंदावते, निवते, आणि पाणी व तेलाचा बराच अंश तळाशी बसतो. ड्रायरवरचा भार तेवढा हलका होतो. पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेचे धक्केही इथेच विरतात. शिवाय लोड-अनलोडवर चालणारा (दाब उतरला की हवा भरणारा, चढला की नुसता फिरणारा) स्क्रू कॉम्प्रेसर सहसा हवा बाहेर पडते त्या स्वतःच्या तोंडाशीच दाब मोजतो. टाकी फक्त ड्रायरपलीकडे असेल, तर मधल्या फिल्टर-ड्रायरच्या अडथळ्यामुळे तोंडाशी दाब पटकन चढतो आणि मशीन सारखं लोड-अनलोड होत राहतं.

मात्र नुसती ओली टाकी मला धोक्याची वाटते. सँडब्लास्टिंग सुरू झालं, हवेची मागणी एकदम वाढली, की टाकीतला सगळा साठा ड्रायरमधूनच धावतो. ड्रायर मिनिटाला १० घनमीटरचा आणि ओढ १५ ची असेल, तर हवा नीट सुकत नाही. पाणी थेट लाइनमध्ये जातं. कोरड्या टाकीत सुकलेली हवा आधीच तयार असते. ड्रायरला कॉम्प्रेसर देईल तेवढीच हवा हाताळावी लागते.

गंजाचा त्रास ओल्या टाकीला जास्त. तिला आतून लेप किंवा गॅल्व्हनायझिंग हवंच, आणि ऑटो ड्रेन खरंच पाणी सोडतोय ना, हे रोज पाहायला हवं.

आकाराचा हिशोब सोपा आहे. मागणी कॉम्प्रेसरच्या क्षमतेपेक्षा मिनिटाला ३ घनमीटरने जास्त, तीही एक मिनिट, आणि दाब ७ बारवरून ६ वर उतरलेला चालणार असेल, तर ३,००० लिटर लागतात. २ बारची घट चालत असेल तर १,५०० पुरतात.

जमलं तर दोन्ही घ्या. एकूण साठ्याचा एक तृतीयांश ओला, उरलेला कोरडा, ही रूढ वाटणी आहे. एकच घेणं शक्य असेल आणि मागणी झटक्याने येत असेल, तर मी कोरडी घेईन. मागणी दिवसभर सारखी असेल किंवा कॉम्प्रेसर पिस्टनचा असेल, तर ओली. कुठलीही घेतलीत तरी प्रत्येक टाकीला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, आणि त्याच्या व टाकीच्या मध्ये बंद करता येणारा कोणताही व्हॉल्व्ह नको.