मल्टिमीडिया निर्मितीची प्रात्यक्षिक सत्रे: ध्वनीला न्याय, संकलनाला घाई

ध्वनिमुद्रण, छायाचित्रांवरील काम, रेखांकन आणि चलचित्रांचे संकलन संगणकावर कसे करायचे, हे शिकवणारी प्रात्यक्षिक सत्रे मी नुकतीच पूर्ण केली. या विषयांवरचे धडे आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्यामुळे संगणक कक्षात येऊन शिकल्याने नेमके अधिक काय मिळते, हा प्रश्न मनाशी धरूनच मी प्रत्येक सत्राकडे पाहिले. माझ्या मते ही सत्रे करण्याजोगी आहेत, कारण तुम्ही काम करत असताना प्रशिक्षक मागून फिरत असतो आणि चूक घडता घडताच ती त्याच्या नजरेस पडते. सत्रांनी हा फायदा जिथे पुरेपूर घेतला तिथे हात चांगला बसला. जिथे प्रशिक्षक समोरच्या मोठ्या पडद्यावर स्वतःच काम करून दाखवत राहिला, तिथे घरी पाहिलेल्या धड्यापेक्षा फारसे वेगळे काही पदरी पडले नाही.

प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन दिले होते, तर मायक्रोफोन दोघांत एक होता. मायक्रोफोन वाटून घेता येतो, संगणक मात्र येत नाही. एका संगणकापुढे दोघे बसले की एकाचा हात चालतो आणि दुसरा नुसता पाहत राहतो. सॉफ्टवेअरची निवडही मला पटली. ध्वनीसाठी ऑडॅसिटी, छायाचित्रांसाठी गिम्प, रेखांकनासाठी इंकस्केप आणि त्रिमितीय कामाच्या तोंडओळखीसाठी ब्लेंडर ही चारही साधने मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना पाहायला आणि बदलायला खुला असतो अशी आहेत, आणि संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती वापरली गेली. त्यामुळे कक्षात शिकलेली कृती त्याच मेनूंवर आणि त्याच कळांवर घरीही पुन्हा करून पाहता येते. ब्लेंडरचा स्रोत २००२ मध्ये खुला झाला, तोही वापरकर्त्यांनी वर्गणी काढून तो मोकळा करवून घेतल्यामुळे, हे प्रशिक्षकाने ओघात सांगितले ते मला आवडले. आपल्या हातातले साधन कोणाच्या खटपटीमुळे आपल्यापर्यंत पोहोचले, हे शिकणाऱ्याला ठाऊक असावे.

सर्वांत उत्तम सत्र ध्वनीचे होते. सुरुवातीला सर्वांचे मायक्रोफोन मुकेच होते, आणि असे का होते याचा शोध प्रशिक्षकाने आम्हालाच घ्यायला लावला. कंडेन्सर प्रकारच्या मायक्रोफोनला इंटरफेसकडून, म्हणजे मायक्रोफोन संगणकाशी जोडणाऱ्या पेटीकडून, ४८ व्होल्टचा फँटम (मायक्रोफोनच्याच तारेतून येणारा) वीजपुरवठा लागतो आणि त्याचे बटण बंद होते, हे एकदा स्वतः शोधून काढले की ते लक्षात राहते. त्यानंतर तोच उतारा प्रत्येकाने तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर मुद्रित केला. पातळी शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल मोजपट्टीच्या कमाल मर्यादेला, टेकली की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात आणि तो भाग नंतर खरोखर परत मिळवता येत नाही. उलट अगदी हळू मुद्रित केलेला आवाज वाढवायला गेले, तर त्याच्याबरोबर पंख्याची घरघर आणि खोलीची सळसळही तितकीच वाढते. माथे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावेत असे सांगितले जाते ते का, हे या तीन पट्ट्या एकाखाली एक ठेवून ऐकताना कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट झाले.

याच सत्रात तोंडापासून वीतभर अंतरावर आणि मग हातभर अंतरावर मायक्रोफोन ठेवून मुद्रण करायला लावले. लांबच्या मुद्रणात भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो आणि तो सॉफ्टवेअरने पुसून काढणे फार कठीण असते, ही गोष्ट नवशिक्यांना सहसा फार उशिरा कळते. गोंगाट कमी करण्याचा परिणाम (इफेक्ट) वापरताना आधी शांततेचा नमुना घ्यायचा असतो. हा परिणाम अतोनात लावला तर बोलणे पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येते. प्रशिक्षकाने प्रत्येकाला शेजाऱ्याचे मुद्रण ऐकून त्यातला दोष सांगायला लावले. स्वतःच्या आवाजाला आपला कान लवकर सरावतो, म्हणून ही पद्धत मला फार मोलाची वाटली. ध्वनिलहर सेकंदाला जितक्या वेळा मोजून नोंदवली जाते तितके तिचे नमुने; सेकंदाला ४४,१०० नमुने ही संगीताच्या सीडीची मोजणी आणि ४८,००० नमुने ही चलचित्रासोबतच्या ध्वनीची रूढ मोजणी, हा फरकही इथेच सांगितला गेला. पुढे संकलनाच्या वेळी तो कामी आला.

छायाचित्रांचे सत्र नेटके होते. नको असलेला भाग रबराने खोडण्याऐवजी मास्कने झाकावा, म्हणजे तो केव्हाही परत आणता येतो, हे एकच सूत्र प्रशिक्षकाने प्रत्येक उदाहरणातून पुन्हा पुन्हा ठसवले. जेपीजी फाइल उघडून, बदलून त्याच स्वरूपात वारंवार साठवली की दरवेळी थोडी माहिती गळते, म्हणून काम चालू असताना लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) टिकवणाऱ्या स्वरूपातच साठवावे, हेही करून दाखवले. माझी तक्रार पडद्यांबद्दल आहे. कक्षातल्या पडद्यांचे रंग मुळीच जुळवून घेतलेले नव्हते. तेच छायाचित्र एका पडद्यावर पिवळसर दिसे आणि शेजारच्या पडद्यावर निळसर. रंगसुधारणा शिकवणाऱ्या कक्षात ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही, कारण शिकणारा आपल्या डोळ्यांवर विसंबून चुकीच्या दिशेने रंग सरकवत राहतो. निदान हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातल्या उजळ-गडद छटांचे प्रमाण दाखवणारा आलेख, वाचून निर्णय घ्यायला शिकवले असते, तर हा तोटा बराच भरून निघाला असता. इंकस्केप आणि ब्लेंडर यांना मात्र तोंडओळखीपलीकडे वेळ मिळाला नाही, आणि तसे जाहीर वेळापत्रकातच म्हटले असल्याने त्याबद्दल तक्रार करणे योग्य होणार नाही.

संकलनाच्या सत्राकडून माझी अपेक्षा सर्वांत मोठी होती आणि तिथेच सर्वांत जास्त घाई झाली. प्रत्येकाला तयार फुटेज, म्हणजे आधीच चित्रित केलेले तुकडे, दिले होते. ते देण्यात गैर काही नाही, पण चित्रीकरण आपण स्वतः केलेले नसले की कोणता तुकडा ठेवावा आणि कोणता टाकावा याची ओढाताण अनुभवाला येत नाही, आणि संकलनाचा जीव तर त्या निवडीतच असतो. त्यात बराच वेळ प्रशिक्षकाच्या पडद्याकडे पाहण्यात गेला. त्याने दाखवलेले सर्व काही बरोबर होते, परंतु आमचे हात रिकामे होते.

त्यातच संगणक अडखळू लागले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९२० बाय १०८० बिंदूंच्या एका चौकटीला (फ्रेमला), प्रत्येक रंगाला आठ बिट धरले तर, सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी म्हटल्या तर हा आकडा साडेपंधरा कोटी बाइटच्या घरात जातो. एवढा भार साठवणे परवडत नाही म्हणून कॅमेरे एच.२६४ सारख्या पद्धतीने फुटेज दाबून ठेवतात, आणि त्यात बहुतेक चौकटी पूर्ण नसून मागच्यापुढच्या चौकटींपासूनचा फरक तेवढा नोंदवलेला असतो. पाहताना हे सोयीचे असते. संकलनात मात्र टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर, कुठेही थांबले की संगणकाला आजूबाजूच्या चौकटी उलगडून ती एक चौकट नव्याने उभी करावी लागते. यावर उपाय म्हणजे कमी आकाराच्या प्रॉक्सी (बदली) फाइल करून त्यांवर संकलन करायचे आणि अखेरच्या रेंडरसाठी, म्हणजे पूर्ण झालेल्या चलचित्राची फाइल तयार करण्यासाठी, मूळ फुटेजकडे वळायचे. हा उपाय प्रशिक्षकाने सत्राच्या अगदी शेवटी सांगितला. तो पहिल्या दहा मिनिटांत यायला हवा होता, कारण तोपर्यंत काही सहाध्यायींनी आपल्याला हे जमणारच नाही असे मनाशी ठरवून टाकले होते.

फाइलींच्या व्यवस्थेबाबतही तेच झाले. प्रोजेक्टच्या फाइलीत फुटेज नसते, ते कुठे ठेवले आहे याचा पत्ता आणि आपण केलेल्या बदलांची नोंद एवढेच असते. फोल्डरचे नाव बदलले किंवा फक्त प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर उचलून नेली, तर घरी टाइमलाइनवर लाल चौकोनांखेरीज काही दिसत नाही. शिवाय कक्षातले संगणक पुन्हा सुरू केले की मूळ स्थितीत परत जातात, अशी सूचना भिंतीवर लावलेली होती, पण तोंडी कोणी सांगितली नाही, आणि दोघांचे दुपारभराचे काम त्यात पुसले गेले. सामायिक संगणकांवर ही व्यवस्था आवश्यकच असते. ती प्रत्येक सत्राच्या आरंभी सांगणे आणि काम कुठे साठवायचे तो फोल्डर प्रत्येकाकडून उघडून घेणे, ही आयोजकांची जबाबदारी आहे.

संकलनात एक भाग मनापासून आवडला. पुढच्या दृश्याचा आवाज दृश्याच्या आधीच सुरू करायचा, म्हणजे ज्याला जे-कट म्हणतात, तो प्रत्येकाने स्वतःच्या टाइमलाइनवर करून पाहिला, आणि तेवढ्यानेच तुटक वाटणारा संवाद सलग वाहू लागला. देवनागरी शीर्षके लिहितानाही प्रशिक्षकाने जातीने लक्ष घातले. निवडलेल्या फाँटमध्ये जोडाक्षरे आणि रफार नीट बसतात की नाही, हे रेंडर केलेल्या फाइलीत प्रत्येकाकडून तपासून घेतले. अशी काळजी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

ज्यांनी संगणकावर मजकूर आणि फोल्डर हाताळले आहेत, पण माध्यमनिर्मितीला अजून हात लावलेला नाही, त्यांना ही सत्रे मी निःसंकोच सुचवेन. ज्यांचे संकलन आधीपासून चालू आहे, त्यांनी ध्वनीचे सत्र तेवढे करावे. कुठल्याही संस्थेत अशा सत्रांसाठी नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: संगणक प्रत्येकी एक मिळतो का, स्वतः चित्रित केलेले फुटेज आणता येते का, आणि सत्रांच्या वेळेबाहेर कक्ष सरावासाठी उघडा असतो का. मी गेलो तिथे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते, आणि संकलनाच्या सत्रात राहून गेलेले ध्वनिमिश्रण मला पूर्ण करता आले ते या मोकळ्या वेळेतच, तेही शेजारून जाणाऱ्या प्रशिक्षकाने थांबून, हेडफोन कानाला लावून दोन ठिकाणी पार्श्वसंगीत खाली आणायला सांगितल्यावर.