रुंद समासाचं बायबल: प्रश्नांना पुरतं, मननाला नाही

बायबल सलग वाचताना जे सुचतं, जे खटकतं, ते त्याच पानावर टिपता यावं म्हणून बाहेरच्या कडेला मोकळी जागा सोडलेल्या आवृत्त्या मिळतात. समास साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर, काहींत फिक्या रेषा आखलेल्या. 'मनन लिहायला भरपूर जागा' असं वेष्टनावर असलं तरी त्यावर विसंबू नका. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. सुवाच्य लिहायचं तर ओळीला पाच-सहा मिलिमीटर हवेतच. अडीच सेंटिमीटरच्या समासात एका ओळीत दोन शब्द बसतात, फार तर तीन. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे तीन अध्याय संपायच्या आत कडा भरून जातात आणि पुढे वंशावळ्यांची पानं कोरीच राहतात.

प्रश्न मात्र या जागेत चपखल बसतो. २ शमुवेल २४:१ (पुस्तक, अध्याय, वचन) मध्ये दावीद राजाला शिरगणतीला प्रवृत्त करतो तो परमेश्वराचा कोप. १ इतिहास २१:१ मध्ये सैतान. समासात '१ इति. २१:१, सैतान?' एवढं लिहिलं की झालं. गल्याथ या धिप्पाड योद्ध्याला १ शमुवेल १७ मध्ये दावीद मारतो, २ शमुवेल २१:१९ मध्ये एलहानान. काही भाषांतरांत दुसऱ्या ठिकाणी १ इतिहास २०:५ प्रमाणे 'गल्याथाचा भाऊ' केलेलं असतं. असा संदर्भ दोन्ही जागी लिहावा. एकाच जागी लिहिला तर पुढच्या वाचनात दुसऱ्या टोकाकडून येताना तो सापडत नाही. सोबत महिना-वर्ष टाकावं आणि निम्मा समास दुसऱ्या वाचनासाठी राखावा. उत्तर सुचलं तरी जुना प्रश्न खोडू नये. लांबलचक मनन वेगळ्या वहीत, अध्याय-वचनाचा आकडा वर घालून.

खरी कटकट कागदाची. एवढा मजकूर एका खंडात मावावा म्हणून कागद तीस-चाळीस जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) वापरतात. नेहमीच्या पुस्तकाचा याच्या जवळपास दुप्पट जाड असतो. शिवाय बाहेरच्या समासामागे पलीकडच्या पानाचाही समासच येतो, म्हणजे दोन्हीकडची टिपणं एकमेकांतून दिसणार. फाउंटन पेनची शाई आरपार जाते, जेल पेन उशिरा वाळतं आणि पान मिटताच समोर उमटतं. बॉलपेन दाबून चालवलं की मागे वळ उठतात. पिगमेंट शाईचं ०.२ मिलिमीटर टोकाचं पेन सर्वांत भरवशाचं, तेही आधी मागच्या नकाशांच्या किंवा सूचीच्या पानावर चालवून पाहावं. खूण करायला द्रव हायलायटर नको, मेणासारखा कोरडा घ्यावा. लिहिताना पानाखाली जाड पुठ्ठा ठेवला की पुढच्या पानावर वळ उठत नाहीत.

बांधणी बघायची ती फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं शिवलेलीच. मधे उघडून पाहिलं की फर्म्याच्या घडीत दोरा दिसतो. नुसती गोंदानं चिकटवलेली प्रत वर्षभराच्या उघडझापीत कण्याजवळ तडकते. शिवलेलीही उत्पत्ती आणि शेवटच्या प्रकटीकरणापाशी सपाट पडत नाही, कारण एका बाजूला पानांची चळतच नसते. तिथे उघडलेल्या कव्हराखाली एखादी वही सारून उंची सारखी करावी. कण्याकडचा आतला समास लिहायच्या कामाचा नाही, रुंदी मोजताना तो धरूच नये.

वाचनाच्या वेळापत्रकाचा कागद आत असला तर हिशेब आधी करावा. ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार. या वेगात दिवसाला एकच प्रश्न टिपला तरी पुष्कळ. लेवीय या पुस्तकापाशी अनेकांचं गाडं अडतं ते नियमांच्या याद्यांमुळे; तिथे प्रश्न न शोधता अध्यायाचा विषय तीन शब्दांत कडेला लिहून पुढे सरकावं. उलट स्तोत्र ११९ ची १७६ वचनं एका दिवसात उरकू नयेत. वेळापत्रकात तसं छापलेलं असलं तरी. कॅथलिक वाचकांनी ७३ पुस्तकं आहेत ना, हे अनुक्रमणिकेत पाहूनच प्रत घ्यावी. रुंद समासाच्या पुष्कळ आवृत्त्या ६६ वरच थांबतात.

ज्यांना बारीक टाइप वाचताना डोळ्यांना त्रास होतो त्यांनी हा प्रकार घेऊ नये. समास मजकुराच्याच वाट्याची जागा खातो आणि अक्षर लहान होतं. त्यांना मोठ्या टाइपची साधी प्रत आणि जवळ एक वही अधिक सोयीची पडेल.