रस्ता सुरक्षेच्या कामावर नजर कुणाची: सल्लागाराची की पालिकेच्या अभियंत्याची?

दुभाजक, पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, गतिरोधक. कामं किरकोळ वाटतात, पण चूक सेंटिमीटरात होते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा (आयआरसी) ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्लीतला एकदा मोजून बघा!

पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला वॉर्ड पाठ असतो. जलवाहिनी कुठून जाते, शाळा कधी सुटते, सगळं. पण एका माणसाच्या गळ्यात अनेक साइट, त्यात ठेकेदाराशी रोजची ऊठबस.

बाहेरचा सल्लागार नेमला की साइटवर पूर्णवेळ माणूस मागता येतो, चाचण्याही वेळेवर होतात. मुंबईत काँक्रीट रस्त्यांच्या दर्जासाठी पालिकेने आयआयटी मुंबईला त्रयस्थ म्हणून आणलं, ते याचसाठी. खटकते ती फी. ती प्रकल्पखर्चाच्या टक्क्यात ठरली, तर काम महागलं की फीही फुगते. त्यापेक्षा ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने द्यावी.

जबाबदारीतून मात्र दोघंही सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८अ रस्त्याची सुरक्षा मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर लागतं; त्यात प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार तिघंही येतात. दंड १ लाख रुपयांपर्यंत.

एखाद-दुसऱ्या चौकासाठी मी अभियंताच ठेवीन. पंधरा-वीस चौक एकदम असतील तर सल्लागार, पण मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या वहीवर, सही अभियंत्याचीच.