घरघंटी: गव्हासाठी नको, भाजणीसाठी घ्या

एक एचपीची घरघंटी विकताना दुकानदार पहिलं वाक्य टाकतो, "गिरणीचे पैसे वाचतील." तो हिशेब आधी उरकून टाकू. चौघांच्या घरात महिन्याला 20 किलो दळण आणि किलोला 8 रुपये दर धरला तर गिरणीला 160 रुपये जातात. घरघंटी तासाला 8 किलोच्या आसपास गहू दळते आणि तेवढ्यात साधारण एक युनिट वीज खाते. म्हणजे 20 किलोला अडीच युनिटं, युनिटला 10 रुपये धरून 25 रुपये. महिन्याला वाचले 135. यंत्र 18 हजारांचं असेल तर पैसे फिटायला 11 वर्षं लागतील, तीही मधे जाळी किंवा पाती बदलावी लागली नाही तर. आपल्या गावचे दर घालून बघा.

वेळेचंही तेच. यंत्र एकटं दळत असलं तरी हॉपर (वरचा धान्य ओतायचा भाग) भरणं, डबा रिकामा करणं आणि दळण झाल्यावर जाळी काढून ब्रश मारणं ही कामं माणसाचीच. दर आठवड्याला 5 किलो दळलं आणि प्रत्येक वेळी सफाईला 15 मिनिटं गेली, तर महिन्याचा एक तास झाला. गिरणीत 20 किलोचा डबा एकदा टाकून आणायला त्याहून कमी वेळ लागतो.

मग घ्यायचीच नाही? घ्या, पण काय दळायला ते ठरवून. गिरणीची एका तासाची कुवत हिशेबापुरती 60 किलो गहू धरू. त्याच तासात दोन-दोन किलोच्या भाजण्या घेतल्या तर प्रत्येक वेळी दगडांतलं आधीचं पीठ काढायचं, धान्य बदलायचं, यात वेळ जाऊन 20 किलोच निघेल. घरघंटीवर तासाला 8 किलो गहू किंवा 6 किलो भाजणी. दोन्हींत गिरणीच वरचढ. पण गिरणीवाल्याला एक किलो भाजणीपायी 3 किलो गहू सोडावा लागतो, घरघंटीला फक्त 1.33 किलो. दिवाळीच्या तोंडावर भाजणीचा डबा घेऊन गेल्यावर गिरणीवाला तोंड वाकडं का करतो आणि दर जास्त का सांगतो, ते या 3 किलोंत आहे.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 साली इंग्लंड आणि पोर्तुगालसाठी हाच हिशेब मांडला होता. वर्षभराची ठरावीक दारू गाळायला पोर्तुगालला 80 माणसं लागतात, कापडाला 90. इंग्लंडला 120 आणि 100. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस, तरीही पोर्तुगालने दारू गाळावी आणि इंग्लंडने कापड विणावं यात दोघांचा फायदा. आपल्या घरातलं इंग्लंड म्हणजे ही घरघंटी. तिला तिचं कापड द्या.

ते कापड कोणतं? पहिलं बाजरी. बाजरीचं पीठ काही दिवसांत कडवट होतं, त्यामुळे एकावेळी किलोभरच दळावं, आणि किलोभरासाठी दर आठवड्याला गिरणीची फेरी परवडत नाही. ज्वारीचंही तसंच: पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. मग उपासाची भाजणी, नाचणी, आणि चकलीची भाजणी. 4 वाट्या तांदूळ, 2 हरभरा डाळ, 1 उडीद डाळ या मापाची भाजणी गिरणीत गव्हामागून दळली गेली की गव्हाचं पीठ मिसळतं आणि चकली मऊ पडते. घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल (सीलिॲक आजारात असतं) तर हिशेब करूच नका, यंत्र घ्या आणि त्यात गहू कधीच घालू नका.

रोजच्या पोळीसाठी मात्र गिरणीच बरी, आणि कारण फक्त दर नाही. घरघंटीत दगड नसतात. फिरत्या पोलादी पात्यांच्या माऱ्याने दाणा फुटतो आणि जाळीतून बाहेर पडतो. दगडी चक्कीत दाणा दाबाखाली रगडला जातो, पिठातला स्टार्च जास्त मोडतो, म्हणून ते पीठ पाणी जास्त धरतं आणि पोळी मऊ राहते. एक नंबर बारीक जाळी लावून हा फरक भरून निघत नाही. वेळ वाढतो आणि मोटर तापते, एवढंच.

बिघाड बहुतेक वेळा धान्यामुळे होतो. धुतलेले तांदूळ पुरते वाळले नसतील तर जाळी बुजते, पीठ आतच फिरत राहतं, मोटर दबते आणि ओव्हरलोडचा स्विच पडतो. भाजणी गरम असताना घातली तर वाफ धरून गोळे होतात. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. शेंगदाणे, तीळ, खोबरं यांच्या तेलाने जाळी चिकटते, आणि मिरची घातलीत तर ठसका पुढच्या दळणातही येतो. दाराच्या कडेने पीठ उडायला लागलं तर रबर बदलण्याआधी कापडी पिशवी झटका. तिची छिद्रं बुजली की हवेला वाट उरत नाही. पिशवी धुतली तर खडखडीत वाळल्याशिवाय लावू नका. प्लग अर्थिंग असलेल्या 16 अँपियरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

दुकानात डेमो बहुधा कोरड्या गव्हाचा दाखवतात. आपण अर्धा किलो हरभरा डाळ घेऊन जा आणि सर्वांत बारीक जाळीवर दळून मागा. मोटरचा आवाज खाली येतो का ऐका, मग निघालेलं बेसन तिथल्याच काट्यावर तोला. जितकं कमी भरेल तितकं बहुतेक आत अडकलेलं असतं, आणि किलो-किलोच्या दळणात ते दर वेळी पुढच्या पिठात जाणार.