दारव्हा–दिग्रस रस्त्यावरील ऑटो इलेक्ट्रिक दुकान: जुन्या अँबेसेडरच्या इग्निशनचा चिवट बिघाड

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याहून दिग्रसकडे निघाले की वस्ती संपता संपता टिनाच्या शेडमधील हे दुकान लागते. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढेच रंगवलेले आहे. समोर बहुधा ट्रॅक्टर आणि मालवाहू पिकअप उभे असतात, आणि बाजूला उतरवलेले सेल्फ व अल्टरनेटर मांडलेले असतात, त्यामुळे जुन्या मोटारीच्या इग्निशनचे नाजूक काम इथे होत असेल असे बाहेरून वाटत नाही. ते होते आणि उत्तम होते, एवढेच नव्हे तर मोजमाप केल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही हा नियम इथे कटाक्षाने पाळला जातो, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी 1986 सालची अँबेसेडर मार्क फोर आहे. 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन, 12 व्होल्टची बॅटरी, आणि इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, पूर्णपणे जुन्या पद्धतीचे: ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, कंडेन्सर, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे सीबी पॉइंट आणि ठिणगी प्रत्येक प्लगकडे पोचवणारा, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात तो डिस्ट्रिब्युटर. तक्रार अशी होती की गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, जागेवर एकसारखी चालायची, परंतु ताशी चाळीस–पन्नासच्या वेगाने ॲक्सिलरेटर हलकाच दाबून सरळ रस्त्याने जाताना मध्येच झटके द्यायची आणि सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज यायचा. त्याच क्षणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके थांबत, आणि पाय काढला तरी थांबत.

हा बिघाड उन्हाळ्यात सुरू झाला, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद पडणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीचे निदान एकच असते, ते म्हणजे पेट्रोल उकळते आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना ते अनेकदा खरेही असते. म्हणून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओले फडके बांधून झाले, पंपाची किट बदलून झाली, कार्बोरेटर उघडून जेट साफ झाले. पुढे इतर ठिकाणी प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि शेवटी कॉइलही नवी बसली. डिसेंबरच्या थंडीत, सकाळी काचेवर दव असताना, गाडीने तेच झटके दिले तेव्हा पेट्रोल उकळण्याचा प्रश्न निकाली निघाला आणि मी या दुकानात आलो.

दुकानाचे मालक साठीच्या आसपासचे आहेत. बोनेट उघडण्याआधी त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, “भाऊ, गाडी काय करून रायली थे सांगा पयले. काय काय बदलवलं थे मंग सांगजा.” मी बदललेल्या भागांची यादी वाचायला घेतली तर त्यांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि प्रश्न विचारले: झटका चढावर येतो की सपाटीवर, दिवे लावल्यावर वाढतो का, खड्ड्यात येतो का, पाय किती दाबलेला असताना येतो. शेवटच्या प्रश्नावर ते सर्वांत जास्त थांबले. पाय अर्धवट असतानाच झटका येतो आणि पूर्ण दाबला की जातो, हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले.

मग त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. कॉइलच्या ज्या टर्मिनलला स्विचकडून करंट येतो तिथे एक छोटा टेस्टर बल्ब, आणि ज्या टर्मिनलवरून तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथे काट्याचा जुना मीटर. दोन्हींच्या लांब तारा खिडकीतून आत घेऊन मीटर मांडीवर धरून ते माझ्या शेजारी बसले आणि आम्ही दिग्रसच्या दिशेने निघालो. दुसऱ्या टर्मिनललाही बल्बच का नाही, असे मी विचारले. तिथे बल्ब लावला तर पॉइंट उघडल्यावरही त्यातून करंट वाहत राहतो, कॉइलमधील चुंबकत्व एकदम कोसळत नाही आणि ठिणगीच कमजोर पडते, असे त्यांचे उत्तर होते. तपासणीचे साधनच बिघाड निर्माण करू नये ही जाणीव असलेला कारागीर मला आधी भेटला नव्हता.

मीटरचा काटा साडेचार–पाच व्होल्टच्या आसपास थरथरत होता, आणि ते योग्यच होते. चार सिलिंडरच्या या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला शाफ्टच्या फेऱ्याचे नव्वद अंश येतात; त्यांपैकी सुमारे साठ अंश पॉइंट मिटलेले असतात आणि तीस अंश उघडे. मिटलेले असताना त्या टर्मिनलवर जवळजवळ शून्य व्होल्ट, उघडे असताना पूर्ण बॅटरी, म्हणून काटा सरासरी एक तृतीयांशावर राहतो. पहिला झटका आला तेव्हा बल्ब जराही मिणमिणला नाही, मात्र काटा उडून बाराच्या पुढे गेला आणि लगेच खाली आला. त्यांनी बोट ठेवून दाखवले: स्विच आणि तिथपर्यंतची वायरिंग निर्दोष आहे. काटा शून्यावर पडला असता तर कुठेतरी शॉर्ट होता, म्हणजे कंडेन्सर किंवा सोललेली तार. तो वर गेला, म्हणजे कॉइलमधून निघालेल्या करंटला ‘अर्थ’कडे (गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे) जाण्याची वाटच क्षणभर तुटते. ती वाट डिस्ट्रिब्युटरच्या पोटातून जाते. नव्या कॉइलचा आणि कंडेन्सरचा खर्च या एका वाचनाने वाचला असता.

परत येण्याआधी त्यांनी कार्बोरेटरमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढली, कार्बोरेटरकडचे तोंड बंद केले आणि तोच वेग धरायला सांगितले. दारव्ह्यापर्यंत एकही झटका आला नाही.

या गाडीत थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरमधील झडप, मिटलेला असताना त्या नळीत ओढ नसते आणि पूर्ण उघडला की ती नाहीशी होते. अर्धवट उघडा असताना मात्र ती भरपूर असते. ही ओढ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची प्लेट थोडी फिरवते, म्हणजे हलक्या भाराला ठिणगी लवकर पडते आणि पेट्रोल वाचते. प्लेट फिरते तेव्हा पॉइंटला करंट देणारी छोटी मऊ तार आणि प्लेटला अर्थ देणारी वेणीची तार, अशा दोन्ही तारा तिच्याबरोबर वाकतात. वर्षानुवर्षे वाकणारी तार कधीतरी तुटतेच.

दुकानात आल्यावर त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि रोटर काढला, इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणले, मीटर लावला आणि नळी तोंडात धरून हवा ओढली. प्लेट जेमतेम बोटाच्या नखाइतकी सरकली आणि काटा उडाला. नळी सोडली की तो जागेवर. मग लाकडी काडीने त्यांनी आतल्या मऊ तारेला हलके दाबले आणि दोष अचूक कुठे आहे ते दिसले: वरचे आवरण अखंड होते, पण आतले तांब्याचे धागे टर्मिनलपासून थोड्या अंतरावर तुटून फक्त टोकाला टोक टेकून राहिले होते. तार सरळ असताना ती टोके एकमेकांना लागत, वाकली की सुटत. पॉइंट बदलणाऱ्या प्रत्येकाने ही तार पाहिली असणार, कारण ती पॉइंटलाच जोडलेली असते, परंतु आवरण शाबूत असल्यामुळे कोणालाही संशय आला नाही.

दुरुस्ती तपासणीइतकीच नेटकी होती. त्यांनी पुष्कळ बारीक धाग्यांची अगदी लवचिक तार घेतली, डाख फक्त दोन्ही टोकांच्या लुगमध्ये लावला आणि तो तारेत वर चढू दिला नाही, कारण डाख चढलेला भाग कडक होतो आणि पुढच्या वेळी तार तिथेच मोडते. प्लेट पूर्ण फिरली तरी ताण पडू नये इतकी ढील ठेवली. वेणीच्या अर्थच्या तारेचेही काही पदर गेले होते, तीही बदलली. पॉइंटची फट 0.015 इंचाच्या फीलर गेजने लावली, टायमिंग पाहिले, आणि व्हॅक्यूमची नळी परत जागेवर बसवली. शेवटची गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण नळी काढून टाकली की झटके थांबतातच, आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच काम संपवून गाडी परत देतात. मग ॲव्हरेज का उतरला हे मालकाला कधी कळत नाही.

मी सोबत नेलेली जुनी कॉइल त्यांनी न विचारता मीटरवर धरली. आतल्या जाड तारेच्या वेढ्यांचा रोध तीन ओमच्या थोडा वर आला, म्हणजे ती ठणठणीत होती. नवी काढून तीच परत लावू का, असे त्यांनी विचारले, आणि नवी डिकीत जपून ठेवायला सांगितली. ज्या दुकानात नवा भाग विकूनच कमाई होऊ शकते तिथे असा सल्ला मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

मजुरी सहाशे रुपये घेतली. तारेचे पैसे लावले नाहीत. रस्त्यावर जाऊन केलेली तपासणी, तिथे लागलेला वेळ आणि त्यामागचे ज्ञान पाहता ही मजुरी कमी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. बिघाड शोधण्याची किंमत आपण ग्राहक देत नाही आणि सुट्या भागांची मात्र बिनतक्रार देतो, म्हणूनच बहुतेक दुकाने भाग बदलत बसतात.

काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कापसाच्या हंगामात इथे मालवाहू गाड्यांची रीघ असते आणि त्यांना आधी घेतले जाते. ते रास्त असले तरी ग्राहकाचा पूर्ण दिवस जातो. फोन उचलला जाईलच असे नाही. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांसाठी लागणारा स्कॅनर दुकानात नाही आणि तसे काम ते सरळ नाकारतात. पावती मागितल्यावरच मिळते, तीही हाताने लिहिलेली. माझ्या गाडीच्या कॉइलजवळच्या वायरिंगला त्यांनी जी साधी काळी टेप गुंडाळली ती आपल्याकडच्या उन्हात चिकट होऊन सुटते. तिथे कापडी टेप हवी होती.

जाणाऱ्यांनी बाजाराचा दिवस टाळावा, टाकीत पेट्रोल ठेवावे, कारण गाडी चालवून पाहिली जाते, आणि काढलेले जुने भाग फेकून न देता सोबत न्यावेत. झटका नेमका कधी येतो हे आधीच लक्ष देऊन पाहून ठेवले तर त्यांचे निम्मे काम होते.

निघताना त्यांनी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवून दाखवला. त्याला आधार देणारे बुश झिजल्यामुळे त्यात खेळ आहे, त्यामुळे चारही सिलिंडरला पॉइंटची फट सारखी राहत नाही आणि जागेवर किंचित मिसिंग जाणवते. लेथवर नवे बुश करून बसवावे लागेल, आणि पावसाळ्याआधी हे काम मी याच दुकानात देणार आहे.