पहिलं राफ्टिंग कुठे करायचं: कोलाडची कुंडलिका की विहीगावची वैतरणा?

मे महिना संपत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या ऑफिसांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर "राफ्टिंगला जायचं का?" हा निरोप हमखास पडतो. एक जण कोलाड म्हणतो. दुसरा म्हणतो कोलाड सगळेच करतात, कसाऱ्याच्या पुढे विहीगावला वैतरणेवर जाऊ. तिसरा ऋषिकेशचे जुने फोटो टाकतो. मग कोणीतरी "मला पोहता येत नाही" असं लिहितो आणि चर्चा तिथेच बुडते.

ग्रुपमध्ये अर्ध्याहून जास्त मंडळी पहिल्यांदाच राफ्टमध्ये बसणार असतील, तर माझं मत कोलाडच्या बाजूने आहे, आणि तेही शक्यतो भर पावसाळा सोडून. वैतरणा दुसऱ्या खेपेला करावी. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येतं, दोन्हीकडे सह्याद्रीच असतो आणि फोटोही सारखेच येतात. फरक पाण्यात आहे.

पाणी येतं कुठून

कुंडलिकेवरचं राफ्टिंग चालतं ते वीजकेंद्राच्या पाण्यावर. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. ते पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं. टाटांनी ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवलं. भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होते आहे. जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच धरणाविरुद्ध. टर्बाइन फिरवून मोकळं झालेलं पाणी पुढे कुंडलिकेच्या पात्रात येतं आणि आपण त्यावर वल्ही मारतो.

म्हणूनच एप्रिल-मे महिन्यात आजूबाजूचे ओढे-नाले कोरडे ठणठणीत असतानाही कुंडलिका सकाळी भरून वाहते. जरा लवकर पोचलात तर काठावर उभं राहून बघा. आधी पात्रातले दगड उघडे असतात, मधे मधे डबकी, एखादी बाई धुणं आपटत असते. मग पाणी सुटतं. आवाज वगैरे काही होत नाही, फक्त दगडांच्या पायथ्याशी असलेली ओली रेघ वर वर सरकायला लागते. डबकी एकमेकांना मिळतात, धुणं गोळा करून बाई वर येते आणि बघता बघता ज्या दगडावर ती कपडे आपटत होती तो दगड दिसेनासा होतो.

नवख्याला याचा मोठा फायदा आहे. गाईडला नदीची रोजची पातळी साधारण ठाऊक असते. कोणत्या दगडाच्या डावीकडून जायचं आणि कुठे राफ्ट अडकते, हे त्याच्या हाताला माहीत असतं. पाणी सहसा स्वच्छ असतं, त्यामुळे समोर काय आहे ते आपल्यालाही दिसतं. तोटा इतकाच की वेळ नदीची नसून वीजकेंद्राची असते. पाणी सकाळी सुटतं आणि त्याच लाटेबरोबर राफ्ट निघतात. "आम्ही वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, तासभर थांबा" हे तिथे चालत नाही. आणि वीजकेंद्र त्या दिवशी चालणार नसेल तर राफ्टिंगही नाही, मग तुम्ही कितीही आधी बुकिंग केलेलं असो.

वैतरणेचं तसं नाही. विहीगावच्या जवळचा टप्पा पावसावर चालतो, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. वरच्या अंगाला अप्पर वैतरणा, खालच्या अंगाला मध्य वैतरणा आणि मोडकसागर, म्हणजे मुंबईच्या नळाला येणारं पाणीच हे. पण राफ्टच्या टप्प्यात त्याला वेळापत्रक नाही. रात्री घाटमाथ्यावर कोसळला की सकाळी नदी तांबडी, फुगलेली आणि काटक्या-ओंडके घेऊन येणारी. आठवडाभर उघडीप पडली की तीच नदी निवांत. वरचं धरण भरून दरवाजे उघडले की गणित पुन्हा बदलतं. अनुभवी माणसाला याच अनिश्चिततेची मजा असते. पण गढूळ पाण्याखालचा दगड दिसत नाही, आणि नवख्याला लाटेच्या आकारावरून त्याचा अंदाज करता येत नाही. दोन नद्यांत माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा फरक आहे, बाकीचे मुद्दे याच्यानंतर येतात.

घरातून निघताना

नवी मुंबईकरांना कोलाड सरळ पडतं. पनवेल, पळस्पे फाटा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. तिथून भिऱ्याच्या रस्त्याला आत वळायचं. पनवेलपासून कोलाड ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. ठाण्याहून निघणाऱ्याने त्यात पनवेलपर्यंतचा रस्ता धरावा, म्हणजे एकूण एकशे दहा-पंधराच्या आसपास. पहाटे पाचला निघालात तर रस्ता तुमचा आहे, सातला निघालात तर अलिबागला जाणाऱ्यांचा. मुंबई-गोवा महामार्गाचं काम हा विषय आपण इथे काढायला नको, त्यावर आपली सगळ्यांचीच पीएचडी झालेली आहे. गणपतीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार मात्र हा बेत विसरा. चाकरमान्यांच्या गाड्यांत अडकून वल्हं हातात पडायच्या आधीच दिवस संपेल.

रेल्वेने रोह्यापर्यंत जाता येतं, कोलाडलाही कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. पण गाडीची वेळ आणि पाण्याची वेळ जुळवत बसण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री तिथल्या एखाद्या कॅम्पवर मुक्काम करणार असाल तरच रेल्वे धरा.

वैतरणेचं ठाणेकरांना बरं पडतं. नाशिक हायवेने शहापूरवरून कसारा, तिथून खोडाळ्याच्या रस्त्याला विहीगाव. गाडी नसली तरी कसारा लोकल आहे, आणि कसाऱ्याहून विहीगाव पंधरा किलोमीटरच्या आत. हे कोलाडला जमत नाही. कल्याण-डोंबिवलीची पोरं मोठ्या संख्येने वैतरणेला जातात ती यामुळेच. हायवेने जाणाऱ्यांनी माजिवडा ते वडपे हा पट्टा पावसात कसा असतो हे लक्षात ठेवून निघावं. अजून एक गोष्ट बघून घ्या: पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि पाण्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढतात. विहीगावचा धबधबा त्याच परिसरात आहे, त्यामुळे निघायच्या आधी आदेश काय आहे हे विचारलेलं बरं. पोलिसांनी फाट्यावरून परत पाठवलं तर पैसे परत मिळण्याची वाट बघत बसावं लागतं.

राफ्टमध्ये बसल्यावर

पांढऱ्या पाण्याचे, म्हणजे दगडांवरून फेसाळत उसळणाऱ्या प्रवाहाचे, एक ते सहा असे दर्जे असतात. पहिला म्हणजे नुसता हलता प्रवाह, सहावा म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिकेचा नेहमीचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा धरतात: लाटा अंगावर येतात, राफ्ट तिरकी होते, पण वाट मोकळी असते आणि दोन रॅपिडच्या, म्हणजे उसळत्या पाण्याच्या पट्ट्यांच्या, मधे श्वास घ्यायला शांत पाणी मिळतं. टप्पा बारा ते चौदा किलोमीटरचा, पाण्यात दोन-अडीच तास जातात. शेवटाकडे नदी पसरट आणि संथ होते, तिथे गाईड पाण्यात उड्या मारू देतात. पोहता न येणारी माणसं लाइफ जॅकेटच्या भरवशावर याच जागी पहिल्यांदा पाण्यात उतरतात आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाहीत. वैतरणा चांगल्या पावसात याच्यापेक्षा वरचढ होते, आणि शांत पाण्याची उसंतही पातळीप्रमाणे कमी-जास्त होते.

पोहता येणं सक्तीचं कुठेच नाही. पण तीन गोष्टी कराव्या लागतात आणि त्या नीट ऐकल्या नाहीत तर नदी सौम्य असूनही उपयोग नाही.

पहिली, पायाची पकड. राफ्टच्या कडेवर बसून पाय आतल्या फुगीर नळीखाली रुतवायचे. नवखी माणसं घाबरून आत, तळाशी बसतात. तिथे गाईड "गेट डाऊन" म्हणेल तेव्हाच बसायचं. एरवी कडेवर, आणि वल्हं पाण्यात. कोणीच वल्हवलं नाही तर राफ्ट रॅपिडमध्ये आडवी होते, आणि सहा जणांची हौस एकट्या गाईडच्या खांद्यावर येते.

दुसरी, वल्ह्याची मूठ. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते, ती कधीही सोडायची नाही. सोडली की पुढच्या लाटेला ती शेजाऱ्याच्या दातांवर जाते. राफ्टमधली दुखापत पाण्यापेक्षा शेजाऱ्याच्या वल्ह्याने होण्याची शक्यता जास्त.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. कमरेइतकं पाणी वाटत असलं तरी नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचा प्रवाह माणसाला पुढे वाकवतो. पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याच्या वर, आणि दोरी टाकली की दोरी धरायची. जॅकेट तपासायची साधी युक्ती आहे: कोणालातरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. चांगला गाईड हे प्रत्येकाचं स्वतः करून बघतो. "बसतंय ना? चला" म्हणणाऱ्याच्या राफ्टमध्ये मी तरी बसणार नाही.

घरच्या मंडळींचं काय

कोलाडला एक फसगत होते. 'राफ्टिंगसह एक दिवस' अशी जी पॅकेजं विकली जातात, त्यातल्या काहींमध्ये 'मिनी राफ्टिंग' असतं, म्हणजे कॅम्पसमोरच्या पाण्यात थोडीशी फेरी. सोबत कयाक (छोटी अरुंद होडी), झिपलाइन, बर्मा ब्रिज आणि जेवण. हे वाईट नाही. आठ-दहा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर हेच घ्यावं. मोठ्या टप्प्याला साधारण चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. पण पांढरं पाणी हवं म्हणून गेलात आणि मिनी हाती आलं तर चडफडायला होतं. म्हणून फोनवर एकच प्रश्न सरळ विचारा: राफ्ट कुठून सुटते, कुठे संपते आणि किती किलोमीटर? सुरुवातीच्या जागेपर्यंत जीपने न्यायचं बोलणं निघालं नाही, तर तो मोठा टप्पा नाही असं समजा.

दर वाराप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे हलतात. आकड्यापेक्षा त्यात जेवण, जीप आणि विमा धरलाय का, आणि पाणी सुटलं नाही तर काय, हे विचारलेलं जास्त कामाचं.

नोंदणीचंही विचारा. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्राचा फोटो मागितला म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावला तर आपल्याला उत्तर मिळालंच. राफ्टबरोबर पुढे बचावाची कयाक असते का, हेही त्याच फोनवर विचारून टाका. वैतरणेला तर ती नसेल तर जाऊच नका.

हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मणक्याचा त्रास यांपैकी काही असेल त्याने दोन्हीकडे काठावर थांबावं. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि पंप गाईडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

कधी जायचं

कोलाडसाठी मला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी सगळ्यात आवडतात. डोंगर अजून हिरवे असतात, पाणी सकाळी गार पण सोसवणारं. मार्चनंतर ऊन हा स्वतंत्र विषय होतो. भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेर ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, तेव्हा गावाचं नाव देशभर बातम्यांत आलं. पाण्यावर ऊन दुप्पट लागतं आणि मांड्या आधी भाजतात, त्यामुळे उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लांब ट्रॅक पँट. जुलै-ऑगस्टमध्ये कोलाडलाही मुसळधार पावसाच्या दिवशी राफ्ट थांबतात. रोह्याला कुंडलिका इशारा पातळीला गेल्याची बातमी असेल तर फोन करायचीही गरज नाही.

वैतरणा करायचीच असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर बघा. पहिला जोर ओसरलेला असतो, गाईडनेही त्या वर्षीची नदी महिनाभर पाहिलेली असते.

आणि ऋषिकेश?

ऋषिकेश एका दिवसाचं काम नाही, डेहराडूनचं विमान धरलं तरी दोन-तीन दिवस जातात. तिथला ब्रह्मपुरीचा नऊ-दहा किलोमीटरचा टप्पा नवख्यांना झेपतो, शिवपुरीचा सोळा किलोमीटरचा त्याहून रंगतदार. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंद असतं, म्हणजे आपल्याकडे वैतरणा चालू असते तेव्हा गंगा नाही. चारधामला किंवा मसुरीला जाणारच असाल तर जरूर करा. केवळ पहिला अनुभव घ्यायला तिकडे जाण्यापेक्षा एखाद्या शनिवारी कोलाड उरकून घ्या. ग्रुपमध्ये कोणाला पाण्याची खरी आवड आहे आणि कोणाला फक्त फोटोंची, हे नागोठण्याच्या चहापर्यंत कळतं. मग पुढच्या वर्षी वैतरणेला कोणाला न्यायचं ते आपोआप ठरतं.

बुकिंग झाल्यावर आदल्या दिवशी संध्याकाळी ऑपरेटरला फोन करून उद्या पाणी किती वाजता आहे ते विचारा, आणि त्याच्या अर्धा तास आधी पोचायचं धरून निघा. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. चष्म्याला दोरी बांधा. गाडीची किल्ली खिशात ठेवून कोणी राफ्टमध्ये बसू नका.